पुराव्याचा आग्रह धरणारा प्रोग्रॅमर : एड्सगर डायक्स्ट्रा

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांचे पडदे निळे पडले आणि ते पुन्हा सुरू होईनात. विमाने खोळंबली, रुग्णालयांच्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, बँकांचे व्यवहार अडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कारण शोधले तेव्हा ते अगदी क्षुल्लक निघाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमला २० रकान्यांची माहिती मिळत होती आणि नव्याने आलेल्या फाइलमुळे तो एकविसावा रकाना वाचायला गेला. जी जागा त्याची नव्हती तिथे त्याने डोकावून पाहिले, एवढाच त्याचा गुन्हा. परंतु हा प्रोग्रॅम साधा नव्हता. तो ‘ड्रायव्हर’ होता, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे बसून काम करणारा. बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला तर त्याची एक खिडकी बंद होते. गाभ्यातला कोसळला तर सारे घरच खाली येते.

विशेष म्हणजे हा ड्रायव्हर चोरवाटेने आत शिरलेला नव्हता. त्याची रीतसर चाचणी झाली होती, त्यावर रीतसर डिजिटल स्वाक्षरीही होती. चाचणी आणि स्वाक्षरी हाती असूनही प्रोग्रॅमवर भरवसा का ठेवता येत नाही, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला. एका डच गणितज्ञाला तो १९५७-५८ च्या सुमारास पडला होता आणि पुढे आयुष्यभर त्याने तो सोडला नाही. त्याचे नाव एड्सगर वाइब डायक्स्ट्रा. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव परीक्षेत येणाऱ्या एका रीतीमुळे ठाऊक असते. त्यांचे खरे कार्य त्या रीतीच्या बरेच पुढचे आहे.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते आणि पुढे नेदरलँड्सच्या रसायनशास्त्र परिषदेचे अध्यक्ष झाले. आई गणितज्ञ होती. तिने नोकरी कधी केली नाही, परंतु मुलावर खरा संस्कार तिचाच झाला. गणिताचे उत्तर पाच ओळींपेक्षा लांबू लागले तर आपली वाट चुकली असे समजावे, ही तिची शिकवण मुलाने जन्मभर पाळली. शाळेत असताना त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. १९४८ मध्ये शालान्त परीक्षेत विज्ञान-गणितात इतके उत्तम गुण मिळाले की तो बेत मागे पडला आणि ते लायडन विद्यापीठात दाखल झाले. तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्र हा त्यांचा विषय होता.

१९५१ मध्ये वडिलांनी एक जाहिरात पाहिली. केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या संगणकावर प्रोग्रॅम लिहिण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. भौतिकशास्त्राला उपयोग होईल म्हणून मुलगा तिकडे गेला आणि परतला तो वेगळ्याच नादाने. मार्च १९५२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आद्रियान फान वाइनगार्डन यांनी त्यांना प्रोग्रॅमर म्हणून कामावर घेतले. नेदरलँड्समध्ये या हुद्द्यावर नेमलेला हा पहिला माणूस.

हुद्दा होता, प्रतिष्ठा नव्हती. भौतिकशास्त्रज्ञाच्या मागे शतकांची विद्या उभी असते. प्रोग्रॅमरच्या मागे काय, हा विचार त्या तरुणाला छळू लागला. १९५५ मध्ये ते फान वाइनगार्डन यांच्याकडे ही शंका घेऊन गेले. या विषयाला अजून शास्त्र नाही हे त्यांनी मान्य केले, पण ते घडवणारांपैकी एक तूच का होऊ नयेस, असे विचारून त्यांनी डायक्स्ट्रांना निरुत्तर केले. त्या भेटीनंतर त्यांनी प्रोग्रॅमिंग हेच जीवितकार्य ठरवले. १९५७ मध्ये मारिया डेबेट्स यांच्याशी विवाह झाला. मारिया याच केंद्रात गणनेचे काम करीत असत. विवाहनोंदणीच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी प्रोग्रॅमर असे लिहिले, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून नगरपालिकेने तो नाकारला. अखेरीस तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

ती प्रसिद्ध रीत याच काळातली. १९५६ मध्ये केंद्राच्या आर्मॅक या नव्या यंत्राचे उद्घाटन होते आणि सामान्य पाहुण्यांना समजेल असे काही त्यावर करून दाखवायचे होते. नेदरलँड्समधील ६४ गावांच्या नकाशावर कोणत्याही दोन गावांमधील सर्वांत जवळचा मार्ग यंत्राने शोधावा, असे ठरले. वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला निघालेले डायक्स्ट्रा दमून एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी पीत बसले असता, कागद-पेन्सिलीवाचून, वीस मिनिटांत त्यांना ती रीत सुचली. छापून आली ती १९५९ मध्ये. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या आजच्या सेवांच्या मुळाशी असलेल्या विचारात तिचा वाटा मोठा आहे. कागद हाताशी नव्हता म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली, असे त्यांचे नंतरचे मत होते.

त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटवला तो मात्र दुसऱ्याच प्रसंगाने. त्यांचे सहकारी ब्राम लोपस्ट्रा आणि कॅरेल स्कोल्टन हे एक्स-१ नावाचा नवा संगणक बांधत होते. तोपर्यंतच्या यंत्रांत छपाईयंत्र किंवा कागदी फितीचा वाचक आपले संथ काम उरकेपर्यंत संगणक ताटकळत बसे. एक्स-१ मध्ये तसे होणार नव्हते. संगणकाने आपले काम चालू ठेवावे आणि उपकरणाला गरज पडेल तेव्हा त्याने मध्येच टोकावे, अशी ही ‘इंटरप्ट’ची योजना होती. ऐकायला सोपी. डायक्स्ट्रा मात्र घाबरले. तोवर कोणताही प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर पुन्हा तसाच चालत असे. चूक सापडली तर तीच चूक पुन्हा घडवून पाहता येई. आता उपकरण नेमके कोणत्या क्षणी टोकेल याचा नेम उरणार नव्हता. एखादी चूक महिन्यातून एकदा डोके वर काढील आणि पुन्हा शोधायला जावे तर दिसणार नाही. या भीतीपोटी त्यांनी काही महिने ही योजना अडवून धरली. अखेर सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले.

भीतीचा उपयोग त्यांनी चांगला केला. एक्स-१ अजून बांधून व्हायचा होता, त्यामुळे लिहिलेला प्रोग्रॅम चालवून पाहण्याची सोयच नव्हती. शिवाय उपकरणे सांभाळणारा हा भाग यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीत घालायचा होता. एकदा बसवल्यावर दुरुस्ती नाही. तेव्हा टोकणे कोणत्याही क्षणी आले तरी काम बिघडणार नाही, हे त्यांना कागदावर, तर्काने पटवून घ्यावे लागले. आजच्या भाषेत सांगायचे तर हा ड्रायव्हरच होता. १९५९ मध्ये याच विषयावरील प्रबंधाला ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढच्या वर्षी याप झोनेवेल्ड यांच्यासह त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर एक्स-१ साठी पूर्ण केला. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता. काम संपताच झोनेवेल्ड यांनी दाढी उतरवली. डायक्स्ट्रांनी ती कायम राखली.

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे अर्धवेळ काम करणाऱ्या सहा जणांच्या तुकडीने एक्स-८ या यंत्रासाठी एक कार्यप्रणाली रचली. विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. यंत्राची मुख्य स्मृती अवघी ३२ हजार शब्दांची होती. एवढ्यात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम नांदवायचे होते. डायक्स्ट्रांनी प्रणालीचे मजले पाडले. तळमजल्यावर फक्त एकच काम, प्रोसेसरचा वेळ वाटून देणे. त्यावर स्मृतीची व्यवस्था, त्यावर चालकाच्या टंकयंत्राशी संवाद, त्यावर इतर उपकरणे आणि त्याही वर लोकांचे प्रोग्रॅम. खालचा मजला निर्दोष असल्याची खात्री पटल्याखेरीज वरचा चढवायचा नाही. १९६८ मध्ये या प्रणालीवरील लेख प्रसिद्ध झाला. चाचणीच्या काळात सापडलेल्या चुका साऱ्या किरकोळ लेखनदोषांच्या होत्या, साधारणपणे ५०० आज्ञांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडत असे, अशी नोंद त्यात आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रणाली त्या काळी हजारो चुकांनिशी बाजारात येत असताना हा हिशेब अनेकांना अविश्वसनीय वाटला.

या प्रणालीत त्यांनी वापरलेले साधन म्हणजे ‘सेमाफोर’. हा शब्द रेल्वेचा, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचा. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ज्याच्या हाती टोकन तोच पुढे, असा दंडक आपल्याकडील रेल्वेतही चालत आला आहे. संगणकाच्या पोटात एकाच जागी दोन प्रोग्रॅम एकदम लिहू लागले तर असाच अपघात होतो. तो कसा टाळावा याचा निर्दोष उलगडा डायक्स्ट्रांनी १९६५ मध्ये छापला आणि तेव्हापासून समकालीन प्रक्रियांचा अभ्यास ही एक स्वतंत्र विद्याशाखा बनली.

मात्र सेमाफोर नियम सांगतो, तो पाळण्याची सक्ती करीत नाही. टोकन न घेता गाडी पुढे रेटणारा चालक भेटला तर अपघात ठरलेलाच. पुढची कित्येक दशके कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर लिहिले गेले ते मुख्यतः सी आणि सी++ या भाषांत, आणि तिथे सारा भार प्रोग्रॅमरच्या सावधपणावर होता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षादोष स्मृतीच्या अशा गैरवापरातून येतात. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेने ही सक्ती कंपायलरकडे सोपवली. प्रत्येक माहितीला एक मालक असतो. एकाने तिच्यात बदल करायला घेतला की दुसऱ्याला त्या वेळी ती पाहताही येत नाही. नियम मोडणारा प्रोग्रॅम बांधलाच जात नाही. हे डायक्स्ट्रांचे अपत्य नव्हे. अनेकांच्या संशोधनाचे ते फळ आहे. परंतु प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच तो बिघडणार नाही हे ठरवावे, ही ओढ त्यांचीच आहे.

रस्टमध्ये विंडोजचा ड्रायव्हर बांधता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये लागणारे साहित्य खुले केले. ते प्रत्यक्ष व्यावसायिक वापरासाठी अजून तयार नाही, असेही तेव्हा स्पष्ट केले होते. काम करणाऱ्याला आधी भाषेचे नेहमीचे प्रमाण ग्रंथालय बाजूला ठेवावे लागते, कारण ते कार्यप्रणालीच्या आधारावर उभे असते आणि इथे तर आपणच त्या आधाराचा भाग असतो. विंडोज ड्रायव्हर किटमधील सी भाषेतल्या व्याख्या रस्टमध्ये आणाव्या लागतात. कार्गो या साधनाने प्रोग्रॅम बांधला की ड्रायव्हरची फाइल मिळते, सोबत ती कशी बसवायची हे सांगणारी माहितीची फाइल. एवढ्याने विंडोज तो आत घेत नाही. ६४ बिटांच्या विंडोजने व्हिस्टाच्या काळापासून गाभ्यातील प्रत्येक ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरीची अट घातली आहे. विकसकापाशी अधिकृत स्वाक्षरी अजून नसते, म्हणून चाचणी स्वाक्षरीची सोय ठेवलेली आहे. तो स्वतःच स्वतःला एक प्रमाणपत्र देतो, त्याने ड्रायव्हरवर सही करतो, ते प्रमाणपत्र चाचणीच्या संगणकावर विश्वासू म्हणून नोंदवतो, सिक्युअर बूट बंद करतो आणि चाचणी स्वाक्षरी स्वीकारण्याचा आदेश देऊन संगणक पुन्हा सुरू करतो. त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात टेस्ट मोड ही अक्षरे दिसत राहतात. रोजच्या वापराच्या संगणकावर हे करू नये, हे सांगणे नलगे.

घरचे प्रमाणपत्र असो वा अधिकृत, सही दोनच गोष्टी सांगते. फाइल कोणाची आहे आणि सहीनंतर ती कोणी बदललेली नाही. ती बरोबर आहे का, याबद्दल सही मूक असते. चाचणीचेही तसेच. चाचणी चूक असल्याचे दाखवू शकते, चूक नसल्याचे नाही, हा डायक्स्ट्रांचा सिद्धांत आता सर्वतोमुखी झाला आहे. मग रस्टचा कंपायलर तरी पुरेसा म्हणावा काय? तसेही नाही. विंडोजच्या गाभ्याशी बोलताना त्याचे पहारे काही ठिकाणी उठवावे लागतात आणि असे भाग ‘अनसेफ’ म्हणून वेगळे लिहावे लागतात. २०२४ च्या त्या एकविसाव्या रकान्यावर रस्टने हात मारू दिला नसता हे खरे. पण त्याने केले असते ते एवढेच, की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवला असता. गाभ्यात थांबणे म्हणजे बहुधा संगणकच थांबणे. रकाने मोजून पाहण्याचे काम शेवटी माणसाचेच राहते.

डायक्स्ट्रांना हा माणसाचा वाटा पुरता ठाऊक होता आणि त्यासाठीच त्यांनी नंतरची वर्षे वेचली. मार्च १९६८ मध्ये त्यांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. गो टू ही आज्ञा वाटेल तिथून वाटेल तिथे उडी मारू देते आणि त्यामुळे प्रोग्रॅमच्या प्रवासाचा माग लागत नाही, अशी त्यात तक्रार होती. गो टू घातक असल्याचे सांगणारे गाजलेले शीर्षक त्यांचे नव्हे. ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिले. पत्राने वादळ उठवले. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅमरला आपल्या बुद्धीच्या मर्यादा ओळखून नम्र राहण्याचा सल्ला दिला. १९७६ च्या ग्रंथात त्यांनी प्रोग्रॅम आणि त्याचा पुरावा हातात हात घालून कसे रचावेत याची रीत मांडली. आधी लिहून मग सिद्ध करायला जाणे त्यांना पसंत नव्हते. सिद्ध करता येईल असेच लिहावे, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाला विरोधही तेवढाच झाला. १९७४ मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी गो टू काही ठिकाणी उपयोगी ठरते, असे सप्रमाण दाखवले. १९७९ मध्ये तीन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी लेख लिहून प्रोग्रॅमचे पुरावे कोणी वाचतही नाही, त्यामुळे गणितातल्यासारखा विश्वास त्यांतून निर्माण होणार नाही, असे म्हटले. डायक्स्ट्रांचे उत्तर तिखट होते. नम्रतेचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थांची लेखणी इतरांच्या बाबतीत फारशी नम्र नसे. बेसिक, कोबोल, आयबीएम, अमेरिकी विद्यापीठे, कोणीही तिच्या तडाख्यातून सुटले नाही. त्यामुळे अनेकजण दुखावले आणि उद्योगजगत त्यांच्यापासून दूरच राहिले. लाखो ओळींच्या प्रणाली शेकडो माणसांनी लिहायच्या असतात, तिथे एका खोलीत बसून केलेला तर्क कसा पुरणार, हा आक्षेप त्यांनी कधी पुरेशा सहानुभूतीने ऐकून घेतला नाही. त्यांच्या कार्याची ही उणी बाजू मान्य करायला हवी.

१९७३ पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक होते. कचेरी म्हणजे न्यूनन गावातील राहते घर आणि तिथली अभ्यासिका. आठवड्यातून एक दिवस ते आइंडहोवनला जात आणि मंगळवारी दुपारी निवडक मंडळींसह एखादा लेख ओळीओळीने वाचत. संगणकशास्त्राचा हा अध्वर्यू स्वतः मात्र दौतीच्या पेनाने लिहीत असे. सुंदर, सरळ अक्षर, खाडाखोड जवळपास नाही. प्रत्येक टिपणाला आद्याक्षरे आणि क्रमांक देऊन ते त्याच्या छायाप्रती मित्रांना पाठवत. मित्र आणखी प्रती काढून पुढे धाडत. इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वी टपालाने जगभर फिरणाऱ्या या टिपणांची संख्या तेराशेच्या वर गेली.

१९८४ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. घरी दूरचित्रवाणी संच नव्हता, पियानो होता आणि मोझार्टवर भक्ती होती. पुढे मॅकिन्टॉश आला, तो पत्रव्यवहारापुरता. सुटीत पती-पत्नी फोक्सवॅगनच्या बसमधून अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने हिंडत. ट्युरिंग यंत्राच्या नावावर कोटी करून त्या बसला त्यांनी टूरिंग मशीन असे नाव ठेवले होते. विद्यार्थ्यांची परीक्षा ते तोंडी घेत, एकेकाला बोलावून; गरज पडली तर घरी.

कर्करोगाचे निदान झाल्यावर ते न्यूननला परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मागे पत्नी मारिया आणि मार्कस, फेमके व रुटगर ही मुले होती. त्याच वर्षी त्यांच्या १९७४ मधील एका लेखाला विभाजित संगणनाच्या क्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला होता. बिघडलेल्या अवस्थेतूनही प्रणाली आपोआप पूर्वपदावर कशी यावी, हा त्या लेखाचा विषय. पुढच्या वर्षीपासून तो पुरस्कार डायक्स्ट्रांच्या नावाने दिला जातो. त्यांची हस्तलिखिते टेक्सास विद्यापीठाने जपली असून आता ती कोणालाही संगणकावर वाचता येतात, त्याच सरळ अक्षरात.